जात्याच्या वेगाने : एका गाण्याच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, घणसोली

तुळशीची लग्ने उरकली आणि आमच्या माथाडी वसाहतीत लग्नसराई सुरू झाली. जिन्याखाली पोत्याने झाकून ठेवलेले आमचे जाते आता फेब्रुवारीपर्यंत या इमारतीतून त्या इमारतीत फिरत राहील, कारण हळद दळायला अजूनही जातेच लागते आणि या गल्लीत चालू स्थितीतले जाते एवढे एकच उरले आहे. वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. आम्हाला हे घर मिळाले त्या वर्षी मामाने जावळीहून कांद्याच्या ट्रकमध्ये हे जाते चढवून इथपर्यंत आणले होते.

गेली नऊ वर्षे मी स्वतंत्रपणे इलेक्ट्रॉनिक संगीत करते. या काळात सात गाणी प्रसिद्ध झाली आणि चाळीसहून अधिक गाणी अर्धवट राहिली. नवीन प्रकल्प हाती घेताना या वेळी नोंदवही ठेवायचे ठरवले आहे, कारण अर्धवट राहिलेली गाणी नेमकी कुठे अडली हे मला आज सांगता येत नाही. काम असे आहे की आईच्या ओव्या आणि जात्याचा आवाज एवढ्याच सामग्रीतून एक पूर्ण गाणे उभे करायचे. ठेका, बेस आणि पार्श्वभूमीचे सूर हे सगळे या दोन आवाजांतूनच काढायचे किंवा त्यांना धरून रचायचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या संग्रहातले ध्वनिमुद्रण मी तासन् तास ऐकले आहे, पण मला दुसऱ्या कुणाचा आवाज उचलायचा नाही. ज्या दगडाची घरघर ऐकत मी लहानाची मोठी झाले तोच दगड हवा आहे.

२४ नोव्हेंबर २०२४

आज ध्वनिमुद्रण झाले. सकाळी साडेपाचची वेळ ठरवली होती, कारण त्यानंतर पाण्याचे पंप सुरू होतात आणि सहानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याची वाहतूक खिडकीतून आत येते. आईपासून हातभर अंतरावर कंडेन्सर माईक ठेवला. जात्याच्या खालच्या तळीला मेणाने एक पिझो चकती चिकटवली. लॅमिंग्टन रोडवर अशा चकत्या किरकोळ पैशांत मिळतात, आणि हवेतला आवाज न घेता त्या थेट दगडाचा कंप पकडतात. मात्र त्यांचा सिग्नल फार उच्च रोधाचा असतो, त्यामुळे त्या माईकच्या इनपुटला लावल्या तर खालचे सूर नाहीसे होतात. इंटरफेसच्या, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राच्या, गिटारसाठी असलेल्या इनपुटला त्या लावाव्या लागतात. हे मला तीन वर्षांपूर्वी एक आठवडा वाया घालवल्यावर कळले होते, म्हणून इथे लिहून ठेवते.

आईने ज्वारी घेतली. पहिले काही फेरे ती नुसतीच दळत होती, गात नव्हती. मी खूण केली तरी तिने मान हलवली. जात्याला लय येईपर्यंत ओवी येत नाही, हे तिने नंतर सांगितले. मग ती गायली. आधी देवाची, मग माहेराची, लेकीची, भावाची, अशा एकामागून एक ओव्या ती न थांबता गात गेली. एकूण ९ मिनिटे ३७ सेकंद मुद्रण झाले.

२५ नोव्हेंबर २०२४

पिझोच्या ट्रॅकवर सबंधभर ५० हर्ट्झची गुणगुण आहे, शिवाय तिची १०० आणि १५० वरची पडछायाही आहे. लॅपटॉपचा चार्जर लावलेला होता आणि त्याचे अर्थिंग आमच्या जुन्या वायरिंगमधून धड मिळत नाही. अरुंद फिल्टर लावून ती काढता येते, पण दगडाची घरघरही त्याच पट्ट्यात आहे आणि गुणगुणीबरोबर तीही पोकळ होते. पुन्हा मुद्रण करावे लागणार. आईला विचारायला संकोच वाटला, पण ती म्हणाली, "पीठ तर लागतंयच की. उद्या पुन्यांदा दळू." या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवणार आणि फ्रिज अर्धा तास बंद ठेवणार.

२६ नोव्हेंबर २०२४

स्वच्छ मुद्रण मिळाले. योगायोगाने लांबीही जवळपास तेवढीच आली.

८ डिसेंबर २०२४

आज सबंध रविवार एका मोजणीत गेला आणि तो सत्कारणी लागला असे वाटते. खुंटा एका ठराविक जागी आला की लाकूड कुरकुरते. ती कुरकुर प्रत्येक फेऱ्याला एकदाच येते, त्यामुळे तिच्यावर खूण करून फेरे मोजता आले. ते ४१२ भरले आणि एका फेऱ्याला सरासरी १.४ सेकंद लागले. एका फेऱ्यात तीन मात्रा धरल्या तर मिनिटाला सुमारे १२८ मात्रा होतात. हाउस हे क्लबमधले नाचाचे इलेक्ट्रॉनिक संगीत बहुतेक याच वेगाच्या आसपास चालते. आईच्या मनगटाचा वेग आणि क्लबमधल्या ठेक्याचा वेग एकच निघाला, हे पाहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

आता मार्ग स्पष्ट दिसतो. प्रकल्पाचा वेग १२८ वर पक्का करायचा, प्रत्येक फेरा ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेषांवर, नेऊन बसवायचा आणि खाली सरळ किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, द्यायची.

२२ डिसेंबर २०२४

दोन आठवडे या गाण्याला हात लागला नाही. लग्नाचा हंगाम हाच माझा कमाईचा हंगाम असतो. घणसोली, तळवली आणि दिव्याकडचे आगरी-कोळी गायक हळदीची गाणी करून घ्यायला येतात. त्यांची प्रोग्रामिंग आणि मिक्सिंगची कामे डिसेंबरमध्ये एकावर एक पडतात. काही जण या कामाला कमी लेखतात, पण मला ते मान्य नाही. हळदीच्या मांडवात दीडशे माणसे एकाच वेळी नाचायला उठतात तेव्हा किकच्या शेपटीची लांबी किती असावी याचा जो धडा मिळतो, तो दुसरीकडे कुठे मिळत नाही. फक्त रात्री अकरा वाजता घरी आल्यावर कान इतके दमलेले असतात की आपल्या गाण्याचा निर्णय त्या कानांनी घेणे योग्य नसते. म्हणून आपले काम पहाटे आणि गिऱ्हाइकांचे संध्याकाळी, असा क्रम जानेवारीपासून लावणार आहे.

१२ जानेवारी २०२५

१२८ ची आवृत्ती पूर्ण झाली. ४१२ फेरे एकेक करून ग्रिडवर बसवायला अकरा पहाटा लागल्या. तांत्रिकदृष्ट्या काम नेटके झाले आहे, कुठेही आवाज फाटलेला नाही. तरीही ऐकताना काहीतरी मेलेले वाटते, आणि ते काय हे मला सापडत नव्हते.

दुपारी आईला हेडफोन दिले. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकले, मग विचारले, "वैरण कवा घातलीस?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. तिने हाताने करून दाखवले. उजवा हात खुंट्यावर, डावा हात सुपात. मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडले की दगड जड होतो, फेरा लांबतो आणि आवाज खाली बसतो. दाणे सरत आले की जाते हलके होऊन पळू लागते आणि त्याचा आवाज कोरडा होतो, मग पुन्हा वैरण. "जातं वैरण मागतंय तवा माणूस दम घेतंय, बाई. तू त्येला सारखंच पळवतीस. मग गाणारीनं दम कुठं घ्यायचा?"

मूळ मुद्रण काढून पाहिले तर सगळे तिथे होते. सरासरी १.४ असली तरी हलका फेरा १.३३ सेकंदांचा आहे आणि वैरणीनंतरचा १.६ चा. मात्रांच्या भाषेत हा फरक १३५ ते ११२ एवढा मोठा आहे. आठ-नऊ फेऱ्यांनी एकदा ही भरती-ओहोटी होते, आणि ओवीची ओळ नेमकी जड फेऱ्यावर संपते. अकरा पहाटा राबून मी हीच गोष्ट पुसून काढली होती.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. १२८ ची आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. ती पुन्हा उघडणार नाही.

२ फेब्रुवारी २०२५

एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या क्लिपला 'लीडर' करता येते. तसे केले की ती क्लिप प्रकल्पाच्या वेगामागे न जाता सबंध प्रकल्पाचा वेगच तिच्यामागे चालू लागतो. मूळ मुद्रणावर फेऱ्यांच्या खुणा पुन्हा केल्या, पण या वेळी आवाज जागचा हलवला नाही, फक्त कुठला फेरा कुठे सुरू होतो एवढे यंत्राला सांगितले. आता किक आईच्या मागून चालते. ती थबकली की किकही थबकते.

हे लिहायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात यामुळे निम्मी हत्यारे हातातून गेली. वेगाशी बांधलेला डिले, म्हणजे प्रतिध्वनी, वेग बदलताच टेपसारखा सूर वरखाली करतो, त्यामुळे तो मिलिसेकंदांत मोजून हाताने लावावा लागला. तयार लूप एकही चालत नाही, कारण प्रत्येक लूप ठराविक वेगाला कापलेला असतो आणि इथे दर दहा-बारा सेकंदांनी त्याला ताणावे लागते. किक वाजली की साइडचेन बाकीचे आवाज दाबते; ते पुन्हा वर यायचा वेळ, म्हणजे रिलीज, १८० मिलिसेकंदांवर ठेवला होता. जड फेऱ्यात तो घाईचा वाटतो आणि हलक्या फेऱ्यात रेंगाळतो, म्हणून रिलीजचीच वक्ररेषा काढावी लागली. उलट एक फायदा अनपेक्षितपणे झाला. पिझोच्या ट्रॅकमधली दगडाची घरघर फिल्टरला जोडली, म्हणजे घरघर वाढली की पार्श्वभूमीचा सूर आपोआप मिटतो आणि दाणे सरले की तो उघडतो. हे मी काही रचले नाही, वैरणीनेच ते रचून दिले.

या कामात एक नाव सारखे मनात येते. मुंबईतल्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची टीबी-३०३ (बेसचे) आणि टीआर-८०८ (ठेक्याचे) ही यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्या तबकडीकडे जवळजवळ कुणाचेच लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यात अ‍ॅसिड हाउस या हाउसच्याच एका प्रकाराची चाहूल ऐकली. २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी त्यांना हे पाहता आले, याचे मला फार समाधान वाटते. त्यांच्या यंत्रांना एक ठरवलेला वेग धरूनच चालावे लागे, आणि रागाने त्याच्याशी जुळवून घेतले. माझ्यासमोरच्या यंत्राला जात्याशी जुळवून घ्यायला लावता येते, तर ते न करण्याला काही कारण उरत नाही.

९ मार्च २०२५

खालच्या मजल्यावरच्या काकू आज वर आल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, पण मांडणीवरची स्टीलची भांडी पहाटे आपोआप थरथरतात म्हणून त्यांच्या सासूबाई घाबरल्या होत्या. मी खाली जाऊन पाहिले. वर माझा बेस एका विशिष्ट सुरावर आला की तांब्यावरचे फुलपात्र बारीक किणकिणते. फक्त त्याच एका सुरावर.

कारण गणिताचे आहे. माझी खोली दहा बाय दहा फुटांची आहे, म्हणजे भिंतीपासून भिंत ३.०५ मीटर. एवढ्या अंतरात ध्वनीची अर्धी लाट नेमकी मावते ती साधारण ५६ हर्ट्झला. लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने हा दोष दुप्पट होतो. आईचा षड्ज पांढरी सहाला, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर, आहे आणि बेसमध्ये तोच सूर दोन-तीन सप्तके खाली घेतला की तो ५५ हर्ट्झवर येतो. शिवाय पलंग आणि कपाट यांमुळे माझी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर आहे. तिथे ही लाट जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि कोपऱ्यात मात्र ती दणाणते. म्हणजे मला बेस कमी वाटत होता म्हणून मी तो वाढवत होते, आणि तो सगळा खालच्या घरात उतरत होता. याखेरीज मी पहाटे हळू आवाजात काम करते, आणि कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या.

काकूंची क्षमा मागितली आणि सकाळी सातपर्यंत फक्त हेडफोन वापरण्याचा शब्द दिला.

१६ मार्च २०२५

कपाट हलवले. कान समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर यावेत असा एक ढोबळ नियम आहे, त्याप्रमाणे खुर्ची भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली. रॉकवूलचे चार इंची पॅनेल सुताराकडून चौकटी करून घेऊन कोपऱ्यांत उभे केले आणि त्यांवर आईच्या जुन्या सुती साड्या ताणून बसवल्या. बोलण्याचा आणि टाळीचा आवाज लगेच सुधारला. ५६ हर्ट्झवर मात्र त्यांचा उपयोग नगण्य आहे, कारण एवढ्या लांब लाटेला चार इंच जाडी पुरत नाही. ती अडवायची तर निम्मी खोली भरावी लागेल, आणि या खोलीत दोघी झोपतो.

तेव्हा गाणेच बदलायचे ठरवले. आईचा सूर बदलणार नाही, पण बेसने षड्जावरच बसले पाहिजे असे कुठे आहे? गाण्याचा बहुतेक भाग बेस पंचमावर ठेवला, म्हणजे ८२ हर्ट्झच्या आसपास. वर षड्ज आणि खाली पंचम असल्याने सूर सतत टेकायला जागा शोधत असल्यासारखा वाटतो. षड्ज फक्त शेवटच्या ओवीला येतो. शिवाय ८२ हर्ट्झचे वरचे पडसाद छोट्या स्पीकरवरही कळतात.

२० एप्रिल २०२५

पाच आठवड्यांची नोंद नाही, कारण काम झाले नाही. हळदीच्या सहा गाण्यांचे पैसे एका निर्मात्याकडे डिसेंबरपासून अडकले आहेत. दर आठवड्याला फोन करते आणि दर आठवड्याला पुढचा सोमवार मिळतो. इंटरफेसचा हप्ता भरायचा म्हणून एका शिकवणी वर्गाच्या ध्वनिफितींची साफसफाई घेतली. अडीचशे फिती होत्या.

याच काळात आधीच्या गाण्यांचा हिशेब आला. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याचे मानधनच मिळत नाही. माझ्या सातपैकी दोनच गाण्यांनी तो आकडा ओलांडला आहे. ४००-५०० माणसे खरोखर ऐकतात आणि त्याची नोंद शून्य होते, हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. दोन दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली, सवयीने लॅपटॉप उघडला आणि ओव्यांमधल्या श्वासांचे आवाज नीट केले. चार श्वास झाले. दुसऱ्या दिवशी सहा.

११ मे २०२५

नौपाड्यातल्या एका मित्राची खोली माझ्यापेक्षा खूप चांगली आहे. त्याने रविवारचे दोन तास दिले. घणसोलीहून लोकलने ठाण्याला जाताना मिक्स इअरफोनवर ऐकले. रबाळे ते ऐरोली गाडीच्या आवाजात बेस पूर्ण बुडतो, पण कुरकुर आणि श्वास तिथेही टिकतात, म्हणजे मधला पट्टा ठीक आहे.

मित्राच्या स्पीकरवर दोन दोष लगेच दिसले. पंचमाचा बेस अजूनही दोन डेसिबल जास्त आहे, आणि आईच्या 'स' वर ७ किलोहर्ट्झला धार आहे. दोन्ही तिथेच दुरुस्त केले. मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐकल्यावर पिझो आणि माईक एकमेकांना खोडत होते. हवेतला आवाज माईकपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतो, दगडातला लगेच येतो. पिझो १.३ मिलिसेकंद मागे ढकलला आणि जात्याला एकदम वजन आले. मित्र म्हणाला, "आता दगड वाटतोय." यासाठी तो प्रवास सार्थकी लागला.

२६ मे २०२५

मान्सून आजच मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. पहाटेपासून पाऊस कोसळत होता आणि वीज येत-जात राहिली. गिऱ्हाइकांची कामे आपोआप थांबली. लॅपटॉपच्या बॅटरीवर सव्वातीन तास मिळाले आणि त्यात शेवटची मांडणी पूर्ण केली. लांबी ७ मिनिटे १० सेकंद. माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद केला.

८ जून २०२५

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात. हळदीच्या गाण्यांना जेवढा दाबून आवाज लागतो तेवढा इथे दिला तर वैरणीचा जड फेरा आणि हलका फेरा यांत फरकच उरत नाही. ऐकवणाऱ्या बहुतेक सेवा आवाज उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आसपास आणतातच, त्यामुळे दाबून मिळणारे काही नाही. उणे १३ वर थांबले आणि खरे शिखर उणे १ डेसिबलवर ठेवले.

२२ जून २०२५

वितरणाचा अर्ज भरला. ओव्या परंपरेच्या आहेत, त्यांवर कुणाचा मालकी हक्क नाही, पण गाणाऱ्या व्यक्तीला तिच्या सादरीकरणाचा हक्क कायद्याने आहे. 'मुख्य कलाकार' या रकान्यात आईचे नाव पहिले आणि माझे दुसरे घातले. मानधनाचे दोन सारखे वाटे केले आणि ते एका कागदावर लिहून दोघींनी सही केली. ती सही करताना तिने विचारले की हे कशासाठी, आणि मी समजावून सांगितल्यावर चष्मा लावून तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मग तिने फोनवर पूर्ण गाणे ऐकले. वैरण कुठे पडते ते तिला प्रत्येक वेळी कळत होते, कारण त्या जागी तिचा डावा हात मांडीवर किंचित हलत होता. गाणे संपल्यावर तिने विचारले, "भावाची ओवी कुठं गेली?"

मांडणी करताना ती मी कापली होती. तिथे तिचा आवाज थोडा बसलेला आहे आणि गाणे लांबते आहे असे मला तेव्हा वाटले होते. मी तसे सांगितले. ती काही बोलली नाही, फोन माझ्या हातात दिला आणि जिन्याखाली जात्यावरचे पोते कोरडे आहे का ते पाहायला गेली.

अर्ज मागे घेतला.

२९ जून २०२५

भावाची ओवी पूर्ण ३० फेऱ्यांसह मूळ जागी बसवली आणि बसलेला आवाज तसाच ठेवला. तिच्यामुळे षड्जाचा बेस आता त्या ओवीखाली येतो, आणि त्यासाठी मागची दोन मिनिटे पुन्हा मिक्स केली. सकाळी सातनंतर स्पीकरवर लावून काकूंना खाली विचारून आले. फुलपात्र वाजले नाही. लांबी ७ मिनिटे ५२ सेकंद. दुपारी चार वाजता फाइल पाठवली.